फ्रिजमधला गरम डबा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात डब्यांवर तारखेची चिठ्ठी फक्त स्वयंपाकाच्या मावशीच लावत. तरी आज पुन्हा फ्रिजमध्ये उद्याची तारीख घातलेला डबा होता. आतला मऊ भात चक्क गरम होता.

"हा उद्योग तुझाच ना गं? कुणा आजोबांना बाधलं म्हणजे?" त्यांनी मदतनीस बाईला दरडावलं.

"मावशी, अक्षर तर तुमचं आहे."

मावशींनी भात फेकला, फ्रिज पार रिकामा केला, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. मग तिला समोर बसवून, डोळ्यांत तेल घालून पहारा देत भाजी निवडू लागल्या.

थोड्या वेळाने दात नसलेल्या तोंडाने सावकाश चघळल्याचा आवाज येऊ लागला.

"काय खातेयस गं?"

मदतनीस बाईने नकारार्थी मान हलवली. तिची नजर फ्रिजवरून हलेना.