कस्तुराची शीळ

सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे उठवून नवऱ्याने मला या काट्याकुट्यांत आणून बसवलं होतं. डास नुसते फोडून काढत होते. तो मोबाईलवर कस्तुर पक्ष्याची शीळ वाजवायचा, झुडपापलीकडून लगेच उत्तर यायचं आणि कॅमेरा सरसावून तो कुजबुजायचा, "ऐकलंस? आता येणारच बाहेर." तासभर हेच चाललं होतं.

"इतक्या चिकाटीने बाबांशी बोलला असतास तर?"

"त्यांचं नाव काढू नकोस."

पक्षीमित्रांच्या ग्रुपवर याने मोठ्या ऐटीत टाकलेल्या ससाण्याच्या फोटोखाली सासऱ्यांनी लिहिलं होतं, 'ही साधी घार आहे.' तेव्हापासून बापलेकांचा अबोला. एकाच घरात राहून इकडचे निरोप तिकडे मी पोचवायचे.

पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर. माझं डोकंच फिरलं. तरातरा उठले आणि झुडपाला वळसा घालून पलीकडे गेले.

तिथे सासरे गवतात फतकल मारून बसले होते. गळ्यात कॅमेरा, हातात मोबाईल. इकडून शीळ आली तसं त्यांनी घाईघाईने बटण दाबलं. मला बघून चकित व्हायलाही त्यांना फुरसत नव्हती. "शू! उत्तर देतोय तो!"

कपाळावर हात मारून मी परत आले.

"दिसला?" नवऱ्याने अधीरपणे विचारलं.

"दिसला. म्हातारा नर आहे, महाहट्टी. तासभर तुझ्याच हाकेला ओ देतोय. तो मोबाईल ठेव खिशात आणि स्वतःच्या तोंडाने हाक मार."