हेडफोन काढल्यावर

टेबलावर एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक हेडफोन होता. भोवती पाच खुर्च्या. चार खुर्च्यांवर अंध वाचनालयाची समिती, पाचवीवर दादाची धाकटी बहीण. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. दादा उभा होता. पुस्तकं वाचून दाखवणारा त्याचा प्रोग्रॅम वाचनालयाने घ्यायचा की नाही, हे आज ठरणार होतं.

तीन पानं झकास झाली. हेडफोन अध्यक्षबाईंच्या कानांवर होता. "आता सगळ्यांना ऐकू दे," म्हणत त्यांनी वायर उपसली.

स्पीकर गप्प. स्क्रीनवर ओळी मात्र पुढे सरकत होत्या.

"वायर सैल असेल," दादा म्हणाला. घरी तीन महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं.

"वायरीला कशाला नावं ठेवतोस?" बहीण म्हणाली. "तुझा प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारतो, आवाज कुठे पाठवू? मग जन्मभर तिथेच पाठवतो. हेडफोन निघून गेला, तरी हा आपला त्यालाच वाचून दाखवतोय."

कुणीतरी खुदकन हसलं.

"मग माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"तू हेडफोन घालतोस तो काम संपेपर्यंत काढत नाहीस. आईने हाक मारली की मी काढते. तू ऐकतोस कुठे?"

आता सगळेच हसले. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "साधन बदललं की कॉम्प्युटर तसं कळवतो. ते ऐकायचं आणि आवाज नव्या जागी वळवायचा. एवढी भर मी तुझ्या प्रोग्रॅममध्ये घातलीय, ती यात आहे. परवा सांगत होते, तर म्हणालास, लुडबुड करू नकोस."

दादाने पेनड्राइव्ह घेतला. आतली एक ओळही त्याने वाचली नव्हती. हे फसलं तर समिती पुन्हा बोलावणार नव्हती. त्याने आपला प्रोग्रॅम बंद केला आणि पेनड्राइव्हवरचा सुरू केला.

"बाई, आता हिचा ऐका," तो मान ताठ करून म्हणाला. "गेल्या वर्षी हिला प्रोग्रॅम लिहायला मी शिकवलं. आता ही माझ्या चुका काढते."

वाचन चालू असताना बाईंनी हेडफोन दहा वेळा लावला, दहा वेळा काढला. प्रोग्रॅमने प्रत्येक वेळेची नोंद केली. बदल वीस. गळलेले शब्द शून्य. सर्वांत मोठा खंड ०.१८ सेकंद.