घरात तिघं

"आजीला दे फोन," मदतवाहिनीची प्रमुख म्हणाली.

"आजी पडलीय आत. उठवू नका म्हणाली," पलीकडून धाकटा म्हणाला. "पण आई, दादानं माझा ब्रश मुद्दाम..."

"दोघंही गप्प बसा आणि अभ्यास करा. मी कामात आहे."

तिनं मोबाइल टेबलावर पालथा टाकला. घरी आई होती म्हणून निदान नोकरी तरी जमत होती. आणि आता तिलाही नेमकं संध्याकाळीच पडावंसं वाटायला लागलं होतं. अलीकडे हे फारच झालं होतं. कुणाकुणाच्या मागे लागायचं?

थकल्याभागल्या आईबापांसाठी असलेली ही मदतवाहिनी तीच चालवायची. ऑफिसात सगळे तिला 'बर्फ' म्हणत. कुणी फोनवर रडो, किंचाळो, शिव्या देवो, तिचा आवाज चढत नसे. घरी तो किती चढतो, हे ऑफिसला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर नवीन बाई हेडफोन लावून बसली होती. आधी विमा कंपनीत होती, म्हणून तिचं नाव विमावाली पडलं. कालच तिनं एका बापाला नाव, वय, मुलांची वयं, उत्पन्न असं ओळीनं विचारत नेलं आणि त्यानं फोन आपटला.

"विचारायचं काही नाही," प्रमुखनं तिला बजावलं होतं. "बोलू द्यायचं. आपल्याला पॉलिसी नाही विकायची."

नव्या माणसाजवळ पहिले काही दिवस प्रमुखनं बसायचं, अशी पद्धत होती. दोघींनी ऐकायची सोयही होती, पण दुसरा हेडफोन बिघडला होता. त्यामुळे विमावाली माइकवर हात ठेवून ऐकलेलं सांगायची आणि प्रमुख उत्तर पुरवायची.

फोनवरचा दिवा लागला.

"ताई, एक बाई आहेत. घरात तिघं आहेत म्हणतात. दोन लहान, एक मोठी. काल लहान्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारलेला हात बघून स्वतःच घाबरल्या."

"पुढे?"

"कुणी हाक मारली तरी नको वाटतं म्हणतात. बॅग भरून बसल्यात. जाऊ का, एवढंच विचारतायत."

प्रमुखनं खुर्ची पुढे ओढली.

"त्यांना म्हणावं, तुम्ही वाईट नाही, तुम्ही दमलाय. माया आटलेली नाही, अंगातलं त्राण आटलंय. ह्या दोन गोष्टींत फरक आहे."

विमावालीनं ते जसंच्या तसं सांगितलं. मग ऐकत राहिली.

"त्या म्हणतात, लहानांचं काही नाही हो. लहान ती लहानच. मोठी जीव खाते."

"काय करते?"

"आल्या आल्या बॅग फेकते. जेवताना डोकं मोबाइलमध्ये. काही बोलायला जावं तर 'नंतर'. बाईंचा गुडघा सुजलाय, तीनदा सांगितलं, तिच्या गावीही नाही. डबा धुणं सोडाच, पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाही."

आता मात्र बर्फ तडकला. "आई म्हणजे ह्या पोरींना नळ वाटतो. फिरवला की आलं पाणी. त्यांना म्हणावं, मोठीला कामाला लावा. रोज एक तास धाकट्यांचं तिनं बघायचं."

"तिला वेळ नसतो म्हणतात."

"वेळ नसायला काय देश चालवते का?"

विमावालीनं हेही पोचवलं. पलीकडून काहीतरी ऐकून तिचा चेहरा सैलावला.

"हसल्या, ताई. म्हणाल्या, तिला वाटतं तसंच." मग पुढचं ऐकून तिनं सांगितलं, "त्यांचे मिस्टर गेले, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मोठी धड बोललीच नाही त्यांच्याशी. रडली पण नाही म्हणतात. सारखी कशात ना कशात गुंतवून घेते."

"बाप गेला की मुली आईवरच राग काढतात," प्रमुख म्हणाली. "दुसरं हाताशी असतं कोण?"

हे ती इतकं चटकन बोलून गेली की विमावालीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"हे सांगू त्यांना?"

"नको." प्रमुखनं समोरचा पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. "त्यांना म्हणावं, जायचं तर खुशाल जा. चार दिवस कुणा बहीण-भावाकडे राहा, झोप काढा. त्यात काही पाप नाही. पण मुकाट्यानं निघून जाऊ नका. मोठीला समोर बसवा आणि तोंडावर सांगा, मला आता होत नाही. ती 'नंतर' म्हणाली, तर म्हणावं, आत्ता."

या वेळी पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. विमावाली नुसती हं, हं करत होती.

"काय म्हणतात?"

"समोर बसवून झालंय म्हणतात. ती ऐकून घेत नाही. परक्यांचं मात्र म्हणे तास तास ऐकते, तेही न चिडता."

"ते वयच तसं असतं," प्रमुख म्हणाली, आणि वय विचारायचंच राहिलंय हे तिच्या ध्यानात आलं. मोठी दहाची असली तर एक सांगायचं, सोळाची असली तर भलतंच. "मोठी किती वर्षांची आहे ते विचारा."

"तुम्हीच म्हणालात ना, विचारायचं काही नाही."

"अहो, आता विचारा."

विमावालीनं विचारलं. उत्तर ऐकलं. माइकवर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"एक्केचाळीस, म्हणतात," ती प्रमुखकडे बघत म्हणाली. "आणि म्हणतात, आत्ता ती इथं ऑफिसात, माझ्या शेजारीच बसली असेल."