बारा खोल्यांची मालकीण

"दुधाकडं बघू नका, ते पाव्हण्यांचं हाय," सोजराबाईनं बाजेवरच्या नवऱ्याला, कोंडिबाला बजावलं. कोंडिबाचं अर्धं अंग गेलेलं. बोलता येत नसे, पण चहाची आशा त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसे.

नात दौंडला नर्सिंग शिकत होती. आईवेगळी, बापावेगळी अनुपमा. पहिल्या फीसाठी सोजराबाईची बोरमाळ गेली होती, दुसरीसाठी घरात काही नव्हतं. गरीब पोरींची फी भरणारी पुण्याची एक संस्था होती. संस्थेचं माणूस घर बघून जाणार, मगच ठरणार. येण्याचा दिवस मात्र ते सांगत नसत. मदत मिळाली नाही, तर पुढच्या महिन्यापासून पोर सणसवाडीला कंपनीत पॅकिंगच्या लायनीवर उभी राहणार होती.

फाटक वाजलं. सोजराबाई पदर सावरत धावली, आणि हिरमुसली. वयस्कर बाई होती. उन्हानं तांबडी झालेली, चपला धुळीनं भरलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. कारेगावच्या नाक्यावर जीपमधून उतरून अशी माणसं रोज येत. कुणाच्या पोराला कंपनीत नोकरी लागलेली असे, त्याला खोली हवी असे.

"सोजराबाई तुम्हीच का?"

"नाक्यावर कुणालाबी इचारा."

"या सगळ्या खोल्या कुणाच्या?"

"माझ्याच की. बाराच्या बारा."

हे तिला पाठ होतं. खोल्या इंद्रजीतशेठच्या, आणि शेठ राहायला पुण्यात. नवराबायकोनं राखण करायची, भाडं गोळा करायचं, बदल्यात मागच्या पत्र्याच्या खोपीत राहायचं. पण राखणदार म्हटलं की भाडेकरू घासाघीस करतात, पैसे थकवतात. म्हणून शेठनंच शिकवलं होतं, मालकीण होऊनच बोला. या पट्ट्यात सगळेच राखणदार असं बोलत. सोजराबाईला तर ते गोडही लागे. याच जागेवर तिनं तरुणपणी लोकांची ज्वारी खुरपली होती. तेव्हा इथून रांजणगावापर्यंत दिवेलागणीला एक दिवा दिसत नसे.

"जरा हात धुऊ का?" बाईनं विचारलं.

दगडावरचा साबणाचा तुकडा घेऊन ती हात धुवत राहिली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, पार कोपरापर्यंत. मग हात वर धरून तिनं पाणी कोपरावरून निथळू दिलं. पदराला पुसले नाहीत. सोजराबाईचा जीव तुटला. असली भाडेकरीण ठेवली तर टाकी दुपारीच कोरडी.

"हे आजोबा कोण?"

"वाचमन. अर्धांग झालं, तरी म्या काढलं न्हाई."

कोंडिबा वाकड्या तोंडानं हसला. ही थट्टा त्याच्या सवयीची होती.

"आणि तुमचं राहणं?"

"वरचा आख्खा मजला. पंखं, गिझर, समदं हाय."

"छान. देवानं भरभरून दिलंय तुम्हाला," बाई म्हणाली. तांब्याभर पाणी प्यायली आणि भाडं न विचारताच निघून गेली.

"न्हाई परवडलं वाटतं," सोजराबाई कोंडिबाला म्हणाली आणि दुधावरचं झाकण नीट केलं.

दुपारी पांढरी गाडी आली. इस्त्रीच्या शर्टातला माणूस आणि हातात मोबाईल घेतलेली मुलगी. सोजराबाईनं एका नजरेत ओळखलं. पैसे देणारी माणसं गाडीतूनच येतात, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

"जागा बघायची होती," माणूस म्हणाला.

"बघा की साहेब. तुमचीच वाट बघत व्हते."

"माणसं किती राहतात? पाणी कुठलं?"

सोजराबाईनं काहीच लपवलं नाही. पाणी दिवसाआड. पत्रा गळतो. हे आमचं धनी, असं पडून हायेत. खोल्या आमच्या न्हाईत साहेब, आमी निस्ती राखण करतो. तिनं खोपीत नेऊन पत्र्याची भोकं दाखवली. मुलीनं फोटो काढले. साठवलेल्या दुधाचा चहा झाला. त्यांनी अर्धाच घेतला.

"पोर लई हुशार हाय. तिच्याकडं बघून तरी मनावर घ्या."

माणसानं मुलीकडे पाहिलं. "बघू. वर विचारून कळवतो."

गाडी गेल्यावर सोजराबाईनं उरलेला चहा कोंडिबाला बशीनं पाजला. "झालं बगा पोरीचं," ती म्हणाली. कोंडिबाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी शेठचा फोन आला.

"मावशी, कंपनीची माणसं गाडी घेऊन आली होती ना? सगळ्या खोल्या वर्षभरासाठी घेणार होते. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? पत्रा गळतो? पाणी नाही?"

"मला वाटलं…"

"मालकीण म्हणून बोला, एवढंच शिकवलं होतं मी. नको म्हणाले ते. आता तुमचं काय करायचं, ते महिनाअखेर बघतो."

ती उंबऱ्यावर टेकली. मग हळूहळू मनाला धीर आला. ती गाडी संस्थेची नव्हती. म्हणजे संस्थेची माणसं अजून यायचीच होती. तिनं शेजारच्या सगुणाबाईकडून पुन्हा पेलाभर दूध उसनं आणलं आणि झाकून ठेवलं.

दिवेलागणीला अनुपमा आली. दौंडहून शिरूर, शिरूरहून कारेगाव, पोर दमून गेली होती. तरी आजोबांना हात लावण्याआधी ती नळाकडे वळली. बेचक्या, नखं, मनगट, पार कोपरापर्यंत. मग तिनं हात वर धरले.

सोजराबाईच्या हातातलं दुधाचं भांडं कलंडलं.

"अगं, ओढणीला पूस की ते हात," ती कशीबशी म्हणाली.

"न्हाई गं आजी, पुसायचं न्हाई, निथळू द्यायचं. संस्थेच्या म्हाताऱ्या सिस्टरबाईंनी कालेजात येऊन शिकवलंय. घर बघायलाबी त्याच येणारेत, आजच कळलं. एकट्याच येत्यात, जीपनं." अनुपमानं मान वळवून विचारलं, "आल्या न्हाईत व्हय अजून?"