क्लीटसचा खडक

टेबलभर पसरलेल्या पडद्यावर सगळ्या होड्यांचे ठिपके किनाऱ्याकडे सरकत होते. क्लीटसच्या पोराचा, सिल्वदासचा, तेवढा नव्हता.

"होडीवरचं ठिपक्याचं यंत्र बंद करून ठेवलंय त्यानं. फोनही लागत नाही," ब्लेसी म्हणाली. बंदरावरच्या खोलीत हा पडदा तीच सांभाळायची. "दीड तासात वादळी वारा सुटेल. काका, चालू ठेव म्हणून सांगितलं नव्हतं का पोराला?"

यंत्र बंद करायला क्लीटसनंच शिकवलं होतं. ठिपका दिसला की खडक कळला, आणि खडक कळला की दुसऱ्या दिवशी तिथं लाझरचं जाळं. पाण्याखालचा तो मासळीचा खडक क्लीटसच्या आज्यानं शोधला होता. तीन पिढ्या त्यावर जगल्या होत्या, आणि बापानं मुलाखेरीज कुणालाही जागा सांगितली नव्हती.

ब्लेसीनं टेबलावरून हात फिरवला. पोरगा जिथं असू शकेल तेवढा समुद्र निळा झाला. चाळीस किलोमीटर रुंद. शोधाची बोट धक्क्यावर इंजिन चालू ठेवून उभी होती.

"एवढ्यात कुठं शोधतील ते? नेमकं सांगा, काका."

क्लीटसला पडद्यावरचं काहीच ओळखू येईना. "हा घारीचा समुद्र झाला, पोरी. मला होडीतून दिसतो तसा दाखव."

तिनं पंजा पसरून हळूच खाली आणला. समुद्र आडवा झाला आणि पलीकडे किनारा उभा राहिला. डोंगर, चर्चचा मनोरा, दीपगृह, पाण्याची टाकी. क्लीटसनं गुडघे टेकले, हनुवटी टेबलाच्या कडेला लावली. पण समोर चार कोळ्यांसोबत लाझर उभा होता.

लाझरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाकीचे चौघेही वळले.

"सरकव," क्लीटस ब्लेसीच्या कानाशी कुजबुजला. "मनोरा डोंगराच्या खांद्यावर येऊ दे. बास. आता उजवीकडं. टाकी दीपगृहामागं लपू दे. हां, इथं."

ब्लेसीनं पडद्यावरूनच बोटीला जागा कळवली. बोट गेली. पाठमोऱ्यांपैकी एक खोकला, एकानं जपमाळ काढली. वळलं कुणी नाही.

पाऊण तासानं वायरलेस खरखरला. "सापडला. इंजिन बंद, बॅटरी उतरलेली. ओढून आणतोय. पोरगा ठणठणीत आहे, मासळी टाकून द्यायला तयार नाही."

क्लीटसच्या जिवात जीव आला. तो तिथंच फतकल मारून बसला. आधी हसला, मग डोळे पुसत राहिला.

"मिळाला का?" लाझरनं भिंतीलाच विचारलं.

"मिळाला रे. वळ आता."

"आधी पडदा पुसायला सांग तिला," लाझर म्हणाला.