नत्थुजीचं प्रायश्चित्त

"तू मधे बस," फादर मनकर्णाला म्हणाले. "तो बोलेल ते मला सांग, मी बोलेन ते त्याला. आणि इथं ऐकलेलं इथंच राहील. पापनिवेदन आहे हे. माझ्यासारखंच तुझंही तोंड बांधलेलं."

मनकर्णानं मान हलवली. कामठीच्या ख्रिस्ती मठात लहानाची मोठी झाल्यानं फादरांची परदेशी भाषा अमरावतीत तिला एकटीलाच येत होती. मांडीवर पाच महिन्यांची शालू दूध पीत होती. समोर खाटेवर कापूस तोलणाऱ्या नत्थुजी मापाड्याला धाप लागली होती. आजचा दिवसही निघेलसा दिसत नव्हता.

"एवढ्यानं पाप जातंच का, फादर?" तिनं विचारलं. तिचं सगळं चित्त कचेरीच्या कोठडीत होतं. कापसाची वखार जाळली म्हणून तिच्या नवऱ्याला, भगवंताला, धरून नेलं होतं. उद्या बेड्या घालून अकोल्याला मोठ्या साहेबापुढे उभा करणार. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आलेला. साहेब शिक्षा वर्षांत सांगणार, महिन्यांत नव्हे.

"खरा पश्चात्ताप हवा. काही लपवायचं नाही. आणि दिलेलं प्रायश्चित्त मान्य हवं. यातलं एक जरी नसलं, तर क्षमा लागू होत नाही."

तिनं ते नत्थुजीला सांगितलं.

"फादरले म्हना, हळू बोला," नत्थुजी पुटपुटला. "मी मरून राहिलो, बहिरा नाई झालो." मग त्यानं मान तिच्याकडे वळवली. "पोरी, वखार माह्या चिलमीनं पेटली. आन् भगवंताच्या हाती चिलीम पाह्यली, हे खोटं मीनंच सांगतलं."

मनकर्णाचे हात आवळले तशी शालू किंचाळली. तिनं तिला दुसऱ्या बाजूला घेतलं, पदर सारखा केला. कचेरी हाकेच्या अंतरावर होती. पण तोंड बांधलेलं.

तिनं शब्दन् शब्द फादरांना सांगितला.

फादरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग नत्थुजीकडे वळून हलक्या आवाजात चार शब्द बोलले.

मनकर्णाला ते सांगायला जरा वेळ लागला.

"काका, फादर म्हनतात, कचेरीत जाऊन समद्यांपुढं खरं सांगसान तवाच क्षमा मिळन. हेच तुमचं प्रायश्चित्त."

"अशा हालात?"

"अशाच."

नत्थुजीनं डोळे मिटले. "मंजूर हाय म्हना."

फादरांनी क्रूस त्याच्या ओठांना लावला आणि क्षमेचे शब्द उच्चारले.

उन्हं कलायच्या आत चार हमालांनी नत्थुजीची खाट कचेरीत नेऊन टेकवली. त्यानं सगळं सांगितलं, कागदाखाली तागडीची निशाणी काढली, आणि घरी परतताना वाटेतच गेला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं, असं हमाल सांगत.

भगवंत सुटून आला. मनकर्णा मात्र पापनिवेदनाला जाईना. चार रविवार ती चर्चच्या दारातूनच परतली. पाचव्या रविवारी फादरांपुढे गुडघ्यावर बसली. बाहेर भगवंतानं शालूला खांद्यावर घेतलं होतं. दोघांचं हसणं आत ऐकू येत होतं.

"बोल," फादर म्हणाले. "पश्चात्ताप आहे ना?"

"तोच होत नाही, फादर. मरणाऱ्याला हलकं प्रायश्चित्त द्यावं म्हणून तुम्ही काकांना नुसतं क्रूसाचं चुंबन घ्यायला सांगितलं होतं."