मीटर कुणाच्या नावावर

“मीटर सध्या कुणाच्या नावावर आहे?” फोनवरच्या मुलीनं विचारलं.

“तेच तर मला कळत नाहीये गं,” थेल्मा म्हणाली. “कालपासून फोन करतेय. दोन कंपन्यांनी सांगितलं, तुमची वीज आमच्याकडची नाही.”

ती अंगात ओव्हरकोट घालून जिन्याखालच्या कपाटासमोर वाकून उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात विजेरी. आधीचा भाडेकरू आगाऊ पैसे भरून चालणारं मीटर ठेवून गेला होता आणि पैसे भरायची चावी मात्र स्वतःबरोबर घेऊन गेला होता. मीटरमध्ये उरलेली वीज पुरवून पुरवून वापरायची म्हणून थेल्मानं काल हीटर लावला नव्हता. चहासुद्धा केला नव्हता. या नव्या घराखालचं चिप्सचं दुकान कधीच बंद पडलेलं. जुन्या तेलाचा वास तेवढा जिन्यात राहिला होता.

तिनं मीटरवरचा नंबर वाचून दाखवला.

“सापडलं! आमचंच आहे,” मुलगी म्हणाली. तिचं नाव शबनम होतं आणि ती बोल्टनची होती, एवढं थेल्मानं मघाशीच विचारून घेतलं होतं. “आता तुमच्या नावावर करून टाकू. याआधी कधी तुमच्या नावावर वीज होती?”

“नाही. ते सगळं अ‍ॅव्हरिल बघायची.”

“मग त्यांनाच द्या ना फोन.”

“ती पोर्तुगालला गेली. लग्न करून.”

“अरे वा! अभिनंदन. मुलगी का तुमची?”

“बहीण. धाकटी. एकसष्ट वर्षांची आहे.”

शबनमला हसू आलं. मग थेल्माही थोडी हसली.

“बरं, घरात माणसं किती?”

“दोन,” थेल्मा म्हणाली. विजेरीच्या उजेडात मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. “नाही, थांब. एक. एक लिही.”

पलीकडून जरा वेळ नुसता टाइप करण्याचा टकटक आवाज येत राहिला.

“थेल्मा, उद्या आमचा माणूस येऊन मीटर बदलून देईल. पण तुम्ही एकट्या राहता, म्हणून एक परवलीचा शब्द ठरवून ठेवू. तो दारात आला की आधी तो शब्द म्हणेल. म्हटला, तरच दार उघडायचं. सांगा, काय लिहू?”

“कसला शब्द?”

“काहीही. तुम्हाला ओळखीचा वाटेल असा. लोक कुत्र्या-मांजराचं नाव सांगतात.”

कुत्रा नव्हता, मांजरही नव्हतं. अ‍ॅव्हरिलला त्यांच्या केसांचा त्रास व्हायचा. रोज दारातून शिरताना ती काय हाक द्यायची, ते थेल्माला आठवलं.

“मीच गं,” ती म्हणाली.

“हो, तुम्हीच आहात, ऐकतेय मी. शब्द सांगा.”

“तोच शब्द. मीच गं.”

“आमची अम्मी असंच म्हणत घरात शिरते,” शबनम म्हणाली. “हा शब्द कुणालाही सुचेल, थेल्मा. दुसरा नाही का काही?”

“दुसरा नाही.”

“बरं,” शबनम हळूच म्हणाली. “लिहिला.”

दुसऱ्या दिवशी समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता. थेल्मा स्वयंपाकघरात खोके उघडून कपबशा वर्तमानपत्रातून सोडवून धूत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

“मीच गं!”

“ये ये, उघडंच आहे!” ती आतूनच ओरडली.

दार काही उघडलं नाही. दाराला साखळी होती, खाली-वर कड्या होत्या. थेल्मा ओल्या हातांनी तशीच जिना उतरून आली आणि कड्या काढताना तिची बोटं घसरत राहिली.

दारात एक जाडजूड माणूस हत्यारांची पेटी घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. वाऱ्यानं झाले असतील.

“माफ करा हं, बाई,” तो म्हणाला. “इथे लिहिलंय तसंच म्हटलं. मी क्लिफर्ड. मीटरवाला.”

“बरोबर म्हणालात,” थेल्मा म्हणाली. “या.”

क्लिफर्ड बोलका नव्हता. कपाटात डोकं घालून त्यानं जुनं मीटर काढलं, नवं बसवलं. तो काम करत होता तोवर थेल्मा जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मधूनच तो “हं” म्हणायचा, आणि तीही “हं” म्हणायची.

“आता भार टाकून बघू,” तो उठत म्हणाला. “घरात आहे नाही ते सगळं लावा.”

“सगळं?”

“सगळं.”

तिनं दिवे लावले. हीटर लावला, ओव्हन लावला, किटली लावली. रेडिओ खोक्यातून काढून लावला; कुणीतरी हवामान सांगू लागलं. केस वाळवायचं यंत्र सापडलं, तेही पलंगावर घरघरत ठेवलं. घर बोलायला लागलं.

“झकास घेतंय,” क्लिफर्ड म्हणाला. “आता बंद करा, नाहीतर बिल पाहून मला शिव्या द्याल.”

“पाणी उकळतंच आहे. चहा घेऊन जा.”

“घेतला असता, बाई. पण अजून निम्मं फ्लीटवुड गाव वाट बघतंय.”

त्यानं पेटी उचलली आणि तो बाहेर पडला.

व्हॅनचं दार लावताना त्याची नजर वर गेली. भर दुपारी, बंद दुकानाच्या वरच्या सगळ्या खिडक्या लख्ख पेटलेल्या होत्या. रेडिओचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं, वर घर पाहुण्यांनी भरलंय.